शहराची सहल आणि विसरलेली बाग

मे महिन्याची किंवा नाताळची सुट्टी लागली की वसईच्या धर्मग्रामांतील कुटुंबे एका दिवसाची मुंबईची सहल काढतात. तिचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो: मॉल, तिथलेच खाणे, चित्रपट आणि दिवेलागणीनंतर परतीची लोकल. दिवसभरात घटकाभर झाडाखाली बसणे काही घडत नाही. ही केवळ आवडीनिवडीची बाब आहे, असे आम्ही मानत नाही.

यावर आमचीच मंडळी विचारतात, "झाडे काय, आपल्या वाडीत आहेतच, ती पाहायला भायखळ्यापर्यंत कशाला जायचे?" परंतु वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत असताना हा अभिमान आपण किती दिवस मिरवणार? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी ज्या समाजाने लढा दिला, त्याने चर्चगेटची गाडी पकडताच हिरवाईकडे पाठ फिरवावी, हे त्या लढ्याला शोभणारे नाही.

राणीच्या बागेचेच पाहा. १८६२ साली लोकांसाठी खुले झालेले हे उद्यान आज वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखले जाते. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती, ब्रह्मदेशाची उर्वशी असे दूरदेशीचे वृक्ष इथे एकाच मातीत रुजले आहेत. २०१६ साली पेंग्विन आले आणि काचेपुढे रांगा लागल्या. मुलांनी पेंग्विन अवश्य पाहावेत. पण त्या रांगेकडे धावताना वाटेवरचा शतायुषी वृक्ष कुणाच्या नजरेसही पडू नये, याचे आम्हांला दुःख होते. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्रचनेचा आराखडा पुढे आला, तेव्हा या वृक्षांसाठी मोजके नागरिक उभे राहिले. ते झाडांना नावाने ओळखत होते, म्हणूनच उभे राहिले. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्यासाठी कोण भांडणार?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रात एका अन्यायावर बोट ठेवले: शहरांतील सुंदर, निगराणीतील हिरव्या जागा सुखवस्तू वस्त्यांच्या वाट्याला येतात, गरिबांच्या वस्त्यांत त्या दिसत नाहीत. सार्वजनिक बाग ही या अन्यायाची थोडीफार भरपाई आहे. तिथे कामगाराचे पोर आणि साहेबाचे पोर एकाच सावलीत खेळते. मॉलमध्ये माणसाची किंमत त्याच्या खिशावरून ठरते. बागेतल्या बाकावर तसे होत नाही. आपण बागेत जाणे सोडले, तर उद्या तिच्या जमिनीवर दुसऱ्या कुणाचा डोळा गेल्यास ती आपली होती, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरेल काय?

देवाने पहिल्या मानवाला बागेत ठेवले, ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. पुनरुत्थित प्रभू मरिया माग्दालियाला प्रथम माळीच वाटला. माळ्याच्या कामाची ही थोरवी आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो आणि सहलीच्या दिवशी मात्र त्यांना सरकत्या जिन्यावर उभे करतो.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे: पुढच्या सहलीतला अर्धा दिवस बागेसाठी राखून ठेवा. राणीची बाग बुधवारी बंद असते. तो वार टाळा. घरून डबा न्या, कचरा परत आणा आणि प्रत्येक मुलाला निदान पाच झाडांची नावे पाठ करवूनच घरी या.