टाके घातले, पुढे काय?

दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो आईला : ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? वास्तविक गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत चेहऱ्याचे दोन बाजूंनी वाढणारे भाग एकमेकांस जुळतात. ते जुळणे अपुरे राहिले म्हणजे ओठ किंवा टाळू दुभंगते. जगात साधारणपणे ७०० जन्मांमागे एक मूल असे असते. यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, काही वेळा आहारातील उणिवा व तंबाखूचाही असतो. ग्रहणाचा मुळीच नसतो. परंतु आईवर आरोप ठेवण्याच्या गडबडीत मूल उपाशी आहे, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

टाळू फाटलेली असली की तोंडात ओढ निर्माण होत नाही. मूल स्तनाला लागते, धडपडते, थकते; दूध नाकातून बाहेर येते, ठसका लागतो, आणि घाबरलेली आई पाजणे थांबवते. यावरचा उपाय महागडा नाही. दूध पिळून काढावे, मुलाला आडवे न ठेवता जवळजवळ बसते धरावे, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडे थोडे पाजावे, मधूनमधून ढेकर काढावी. एका वेळचे पाजणे अर्ध्या तासापलीकडे लांबवू नये, कारण त्या श्रमातच मूल कमावलेले गमावते. केवळ ओठ दुभंगलेला असेल तर पुष्कळ मुले अंगावरही पिऊ शकतात. हे सारे शिकवायला तास-दोन तास पुरतात. पण ते पहिल्याच दिवसांत शिकवावे लागते. ओठाच्या शस्त्रक्रियेपूर्वी मूल दहा आठवड्यांचे, दहा पौंडांचे व दहा ग्रॅम हिमोग्लोबिनचे असावे, असा शल्यवैद्यांचा जुना दंडक आहे. ज्याच्या पोटात दूध जात नाही, त्याचे वजन वाढणार कसे आणि त्याची शस्त्रक्रिया होणार केव्हा?

टाळू शिवली जाते ती साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. घरचे लोक समजतात, संपले. वस्तुतः दुसरे काम तेथून सुरू होते. आपल्या व्याकरणकारांनी वर्णांची मांडणीच मुखातील स्थानांवरून केली : कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य. यांतील बहुतेक व्यंजनांना तोंडात हवेचा दाब लागतो आणि त्यासाठी मृदू टाळूने वर उचलून नाकाची वाट बंद करावी लागते. ती बंद झाली नाही तर ‘बाबा’ म्हणू पाहणाऱ्या मुलाच्या तोंडून ‘मामा’सारखे काहीतरी उमटते. मग मूल स्वतःच वाट शोधते, गळ्यात झटका देऊन ‘क’ काढू लागते. ही सवय टाळू शिवल्यानंतरही आपोआप सुटत नाही. फुगे फुगवून वा शिट्ट्या वाजवूनही ती सुटत नाही. एकेक वर्ण घेऊन, महिनोन् महिने, जाणत्याच्या देखरेखीखाली तो पुन्हा शिकावा लागतो. कानात पाणी साचते का, ऐकू कमी येते का, हे तपासावे लागते. काहींना दुसरी शस्त्रक्रियाही लागते.

या दुसऱ्या कामाला दाता मिळणे कठीण. या विषयावरील ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळाले. दानाच्या पैशाने देशात असंख्य मुलांचे ओठ शिवले गेले. त्या शल्यवैद्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु शिवलेल्या ओठाचे छायाचित्र काढता येते, सुधारलेल्या ‘क’चे काढता येत नाही. दान जेथे दिसते तेथे जाते. जे दिसत नाही ते करण्यासाठीच शासन असते.

शासनाने हे तत्त्वतः मान्यही केले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाला. तपासावयाच्या व्यंगांच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू आहेत. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांच्या आराखड्यात वाचा-उपचारतज्ज्ञाचे पदही आहे. पण केंद्र जिल्ह्याच्या गावी आणि मूल पाड्यावर. प्रत्येक फेरीला आईचा एक दिवसाचा रोज बुडतो, एस.टी.चे भाडे वेगळेच. चार फेऱ्यांनंतर ती येईनाशी होते आणि तिच्या नावापुढे ‘पालक उदासीन’ असा शेरा पडतो. उदासीन कोण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. बाळंतपण होते त्या प्रत्येक ठिकाणी निदान एका परिचारिकेला या पाजण्याचे शिक्षण द्यावे. आशा सेविका नवजात बाळाला पाहायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातेच. तिलाही ते द्यावे, मात्र या कामाचा योग्य मोबदला देऊन. मानधनावर राबणाऱ्या बाईच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे ओझे नको. आणि वाचा-उपचारतज्ज्ञाने ठरल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयात बसावे. जेथे ते अशक्य, तेथे पालकांना प्रवासखर्च व बुडालेला रोज मिळावा.

तोवर एक गोष्ट आपल्या हातची आहे. आपल्या गावात असे मूल जन्मले तर त्या घरी जावे, ग्रहणाचा विषय तेथेच संपवावा आणि आज मुलाच्या पोटात किती दूध गेले, हे विचारावे.