खानदेशांतील धाबें आणि गच्ची

बाजारपेठेंत वडिलार्जित इमारत असावी, खालीं दुकानें आणि वरतीं कचेऱ्या किंवा बिऱ्हाडें असावीं, ही आमच्या पुष्कळ वाचककुटुंबांची स्थिति आहे. तिच्या भाड्यावर मुलांचीं शिक्षणें होतात, वडील माणसांचें औषधपाणी चालतें आणि लग्नकार्यें पार पडतात. अशा इमारतीचें सपाट छप्पर गळूं लागलें म्हणजे मात्र घरांत एकच धांदल उडते. जो भेटेल त्याचा सल्ला घेतला जातो, जो स्वस्त सांगेल त्याच्याकडून कांहीं तरी थापून घेतलें जातें, आणि दोन पावसाळ्यांनीं गळती पुन्हा हजर! जळगांव आणि धुळें येथील पेठा डोळ्यांपुढें ठेवून, टिकाऊ गच्ची कशी निवडावी याचा थोडा व्यवस्थित विचार या महिन्यांत करावा असा आमचा बेत आहे.

सपाट छप्पर खानदेशास परकें नाहीं. कोंकणांत पाऊस कोसळतो, म्हणून तिकडे उतरतें कौलारू छप्पर. खानदेशांत पाऊस बेताचा, जळगांवाकडे वर्षास सातशें मिलिमीटरांच्या आसपास आणि धुळ्याकडे त्याहून कमी. म्हणून येथें पूर्वापार धाब्याचीं घरें. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवीं लाकडें, त्यांवर काटक्या व पाला यांचा थर आणि सर्वांवर चोपून बसविलेली माती. ही माती मात्र कोणतीहि चालत नसे. शेतांतील काळी माती पावसांत फुगते आणि उन्हांत भेगाळते. ती वर घातली तर पहिल्याच सरीस घर ओलें. म्हणून खारट पांढरी माती शोधून आणीत. या मातींत सोडियमचे क्षार असतात; त्यांच्या योगानें चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत सुटे होतात, छिद्रांत जाऊन बसतात आणि थरांतून पाणी उतरेनासें होतें. शेतास जो दोष, तोच छपरास गुण! आपल्या वाडवडिलांनीं रसायनशास्त्र वाचलें नव्हतें. परंतु काळी आणि पांढरी यांतील हा भेद त्यांनीं अचूक हेरला होता.

तथापि धाब्याचें आयुष्य त्या मातीपेक्षांहि घरच्या माणसांवर अवलंबून असे. मृग लागण्यापूर्वीं कोणी तरी वर चढे, गवत उपटी, उंदरांचीं बिळें बुजवी, नव्या मातीचा थर देई आणि पन्हळी मोकळ्या करी. त्यांत एक उणीवहि होती. दरसाल नवी माती पडे, पण जुनी क्वचितच काढली जाई. थर वाढे, भार वाढे, आणि वाळवीनें पोखरलेली एखादी तुळई झडीच्या रात्रीं दगा देई. दरवर्षींची देखरेख आणि भाराचा हिशेब, हे धाब्यानें शिकविलेले दोन धडे ध्यानांत ठेवून आपण आजच्या गच्चीकडे वळूं.

१८१९ सालीं कॅप्टन ब्रिग्ज यांनीं धुळें हें खानदेशचें मुख्य ठिकाण केलें आणि तेथें नवी पेठ वसविली. जळगांव अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ च्या दरम्यान, कापसाच्या व्यापारानें एकदम पुढें आलें. या पेठांतून पुढें पत्रे आले आणि मग सिमेंट काँक्रीटचे स्लॅब आले. स्लॅब आला तशी लोकांची समजूत झाली कीं, आतां दरसाल वर चढावयाचें कारण उरलें नाहीं. आजच्या बहुतेक गळत्यांचें मूळ या समजुतींत आहे.

खानदेशांत छपराचा वैरी कोण, असें विचारलें तर बहुतेक जण पावसाचें नांव घेतील. आमचें मत निराळें आहे. पाऊस हा चार महिन्यांचा पाहुणा. ऊन बाकीचे आठ महिने छपरावर ठाण मांडून बसतें. वैशाखांत जळगांव-भुसावळाकडे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, आणि उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग हवेहून पुष्कळ अधिक तापून ६० अंशांच्या घरांत पोहोंचतो. पहांटेपर्यंत तोच पुन्हा निवतो. काँक्रीट दर अंशास आपल्या लांबीच्या सुमारें एक लक्षांश वाढतें. १०० फूट लांबीचा स्लॅब ३० अंशांनीं तापला तर तो सुमारें ९ मिलिमीटर लांबतो आणि निवतांना तितकाच आंखडतो. असें ओढाताणीचें काम रोज चाललें म्हणजे कठड्याच्या मुळाशीं, पाण्याच्या टाकीच्या पायाशीं आणि जुन्या-नव्या बांधकामाच्या सांध्यावर बारीक चिरा पडतात. छप्पर वैशाखांत फाटतें आणि आषाढांत गळतें. ठपका मात्र एकट्या पावसावर येतो.

चिरेंतून शिरलेलें पाणी स्लॅबमधील सळईस गांठतें. गंज हा मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबानें खालचें काँक्रीट फुगतें आणि त्याच्या ढलप्या सुटून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडण्याची वेळ येते. मालाची गोष्ट निराळीच. डाळीच्या पोत्यांस ओल लागली कीं बुरशी आली. कापडास डाग पडला कीं भाव उतरला. आणि कांहीं माल असा असतो कीं त्यास भावच नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस निवर्तले. त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेल्या कागदपत्रांच्या जपणुकीसाठीं १९२७ सालीं धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. असा एखादा रुमाल भिजला तर तो कोणत्या बाजारांतून परत आणावयाचा? छप्पर निवडतांना आपण त्याखालील वस्तूंचें आयुष्य निवडीत असतों, हें येथें लक्षांत यावें.

आतां निवडीकडे येऊं. वर कोणतें आवरण घालावें, हा प्रश्न आम्ही मुद्दाम मागें ठेवितों. कारण त्याआधीं तीन गोष्टी पाहणें अवश्य आहे. पहिली उतार. सपाट छप्पर नांवाचेंच सपाट असावें. दर आठ फुटांस निदान एक इंच उतार त्यास हवाच. दुसरी गोष्ट पाण्याची वाट. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर तें पाणी सुमारें २,३६० लिटर होतें, म्हणजे तितकेच किलो वजन. यास एकच नळ ठेवला आणि त्याच्या तोंडाशीं प्लॅस्टिकची एक पिशवी अडकली तर गच्चीचें तळें होण्यास एक घटकाहि पुरे. म्हणून नळ दोन तरी असावे, प्रत्येकास जाळी असावी, आणि ते तुंबलेच तर पाणी बाहेर पडावें म्हणून कठड्यांत थोड्या उंचीवर एक भोंक ठेवावें. तिसरी गोष्ट सांधे. स्लॅब व कठडा यांचा काटकोन गोलाई देऊन भरावा, आवरण त्या गोलाईवरून कठड्यावर निदान एक वीत चढवावें, आणि जेथें इमारतीचे दोन भाग मिळतात तेथें हालचालीस वाव ठेवूनच सांधा बंद करावा.

आवरणांत आपल्याकडे सर्वांत परिचित तो विटांच्या तुकड्यांचा कोबा. जुन्या काळीं तो चुन्याचा असे. गूळ व बेलफळ यांचें पाणी शिंपडीत, थापीनें बडवून बडवून घट्ट करीत. चुना सावकाश घट्ट होतो, आणि त्यांत पडलेल्या बारीक चिरा विरघळलेला चुना पुन्हा सांठून कांहीं अंशीं आपोआप भरतात. हल्लींचा कोबा सिमेंटचा. तो उतार देतो, ऊन अडवितो आणि पायदळीं झिजत नाहीं. त्याचा दोष भाराचा. चार इंच जाडीचा कोबा दर चौरस फुटास वीस किलोंच्या जवळपास जातो. शिवाय पाणी एकदां त्याच्या खालीं शिरलें कीं शिरतें एका कोपऱ्यांत आणि गळतें दुसऱ्या खोलींत. मूळ सांपडत नाहीं. जुना कोबा न काढतां त्यावर नवा घालणारे मालक धाब्यावरील मातीचीच चूक सिमेंटनें करितात.

दुसरा प्रकार डांबरी पत्त्यांचा. तीन-चार मिलिमीटर जाडीचा हा पत्ता ज्योतीनें तापवून चिकटवितात. तो हलका आहे आणि काम लवकर होतें. परंतु उघडा ठेवला तर खानदेशच्या उन्हांत मऊ पडतो, सुकतो आणि कडा सोडतो. त्यावर संरक्षक थर घालणार असाल तरच तो घ्यावा. तिसरा प्रकार पातळ रबरी लेपांचा. हे ब्रशानें लावतां येतात, चिरेबरोबर ताणले जातात, आणि दुरुस्तीहि सोपी. मात्र स्लॅब पूर्ण कोरडा आणि साफ पाहिजे, आणि कांहीं वर्षांनीं लेप पुन्हा द्यावा लागतो. चौथा प्रकार प्लॅस्टिकच्या पांढऱ्या चादरींचा. त्यांचे सांधे गरम हवेनें एकजीव करितात. लहान दुकानांपेक्षां गिरण्या व गुदामें यांच्या विस्तीर्ण छपरांस त्या अधिक शोभतात, कारण कसबी माणूस व यंत्र दोन्ही लागतात.

आमचा सल्ला थोडक्यांत असा. नवी इमारत असेल तर उतार मुळांतच घ्यावा, स्लॅबलगत जलरोधक थर द्यावा, आणि त्याच्या रक्षणास वर कोबा घालावा. जुनी, भिंतींवर उभी असलेली इमारत असेल तर प्रथम इंजिनिअरकडून भाराची तपासणी करवावी, निरुपयोगी थर उतरवावे आणि हलका लेप पसंत करावा. दोन्ही ठिकाणीं शेवटचा थर पांढरा असावा. चिनी मातीच्या फरशांच्या तुकड्यांचा असला तर उत्तम, तें न जमल्यास चैत्रांत चुन्याचा हात तरी द्यावा. पांढरा रंग ऊन परतवितो. त्यानें खालची खोली निवते आणि स्लॅबची रोजची ओढाताणहि कमी होते. अहमदाबाद शहरानें २०१७ सालीं गरीब वस्त्यांतून छपरें पांढरीं करण्याचें काम हातीं घेतलें तें याच शास्त्राच्या आधारें.

कामाची वेळहि साधली पाहिजे. कोब्यावर पाणी सांठवून तो मुरवावा लागतो. म्हणून तें काम माघ-फाल्गुनांत उरकावें. वैशाखांत पाण्याची टंचाई, आणि ऊन ओल टिकूं देत नाहीं. लेपांस मात्र कोरडा स्लॅब हवा. ते उन्हाळ्यांत सकाळच्या प्रहरीं लावावे. काम झाल्यावर नळ बंद करून दोन दिवस व दोन रात्री गच्चीवर पाणी उभें करावें, आणि खालून छत कोरडें दिसल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. दहा वर्षांची हमी लिहून देणारे पुष्कळ भेटतात. पाणी सांचलें किंवा वर कोणी खिळा मारला तर ती लागू राहते काय, हें आधींच वाचून घ्यावें. सौर पट्ट बसविणारांस तर स्लॅबमध्यें भोंकें पाडूं देऊंच नयेत. पट्टांसाठीं ओटे आधीं बांधावे आणि आवरण त्यांच्यावरून न्यावें.

शेवटीं मुख्य मुद्दा. एकत्र कुटुंबाचें छप्पर सर्वांचें असतें आणि म्हणूनच पुष्कळदां कोणाचेंहि नसतें. थोरले म्हणतात, वरच्या मजल्यावर राहतो त्यानें पाहावें. धाकटे म्हणतात, दुकानाचें भाडें घेतो त्यानें खर्च करावा. भाडेकरू मालकाकडे बोट दाखवितो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें जागा चांगल्या स्थितींत राखण्याचें कर्तव्य मालकावर ठेविलें आहे, तेव्हां तें बोट चुकीचें नाहीं. यावर उपाय सोपा आहे. भाड्याच्या प्रत्येक रुपयांतून ठराविक हिस्सा काढून 'छप्पर' या नांवाचें निराळें खातें वहींत घालावें. काम कोणीं केलें, कोणता थर किती जाडीचा दिला, गळती कोठें आढळली, हें त्याच वहींत तिथीवार लिहावें. आणि वांटण्या होतील तेव्हां गच्चीचा खर्च कोणीं किती सोसावा हें कागदावर आणावें.

आखाजीस लेकी-सुना, भाऊबंद बहुधा एकत्र जमतात, आणि पाऊस तेव्हां महिना-दीड महिना दूर असतो. त्या दिवशीं घरांतील एका तरुण मुलानें किंवा मुलीनें वडील माणसांसह गच्चीवर जावें, जाळ्या साफ कराव्या, कठड्याचें मूळ तपासावें आणि वहींत दोन ओळी लिहाव्या. जी कुटुंबें हा परिपाठ ठेवितील त्यांस साधा कोबाहि वर्षानुवर्षें साथ देईल. आणि जीं ठेवणार नाहींत त्यांस महागांतील महाग चादरहि पुरणार नाहीं.