नोंदी राखणे हे संशोधनाचेच अंग

संशोधन प्रकल्प पूर्ण होतो, निबंध प्रसिद्ध होतो, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो. ज्या नोंदींवर हे सारे उभे असते, त्या मात्र अनेकदा विभागातील एखाद्या जुन्या सर्व्हरवर बेवारस राहतात. डिस्क निकामी झाली की काही वर्षांचे श्रम एका दिवसात नाहीसे होतात. उपकरणासाठी निधी मागताना जो आग्रह दिसतो, तो नोंदींच्या देखभालीसाठीही दिसायला हवा.

वैज्ञानिक नोंदी सहसा एका साच्यात बसत नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’चे उदाहरण बोलके आहे. एखाद्या पदार्थाची केवळ स्फटिकरचना ठाऊक असते, तर दुसऱ्याचे विद्युत व स्थितिस्थापक गुणधर्मही. ठरावीक रकान्यांच्या तक्त्यात अशा माहितीची कुचंबणा होते. त्या प्रकल्पाने मोंगोडीबी हा डॉक्युमेंट डेटाबेस स्वीकारला. त्यात प्रत्येक नोंद स्वतंत्र असते. जेवढे ठाऊक, तेवढेच ती सांगते. नवा गुणधर्म हाती आला की तो जोडता येतो, जुन्या नोंदींची मोडतोड करावी लागत नाही.

परंतु लवचिक डेटाबेसलाही राखणदार लागतो. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर पासवर्डविना उघडे असलेले हजारो मोंगोडीबी साठे हल्लेखोरांनी पुसून टाकले आणि त्यांच्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या. घर भक्कम होते. कुलूप लावण्याचे मात्र राहून गेले होते.

व्यवस्थापित क्लाउड सेवेचे खरे मोल येथे कळते. मोंगोडीबी ॲटलासमध्ये प्रवेशासाठी ओळख पटवणे आणि जोडणीचे एन्क्रिप्शन अनिवार्य असते. नेहमीच्या रचनेत नोंदींच्या किमान तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर राहतात. एक यंत्र बंद पडले तर दुसरे काम हाती घेते. अर्थात, चुकीच्या आज्ञेने नोंदी पुसल्या गेल्या, तर त्या साऱ्याच प्रतींतून पुसल्या जातात. तेथे बॅकअपच उपयोगी पडतो. ॲमेझॉन डॉक्युमेंटडीबीमध्ये कमाल ३५ दिवसांच्या मुदतीतील हव्या त्या क्षणाची स्थिती परत मिळवता येते. सॉफ्टवेअरची डागडुजीही सेवा देणारी कंपनीच करते. पक्ष्यांच्या स्थलांतराचा किंवा भूजलाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने मध्यरात्री सर्व्हरची शुश्रूषा करावी, यात विज्ञानाचा काहीच लाभ नाही.

या सोयीला किंमत आहे. बिल दरमहा येते आणि प्रकल्पाचा निधी एक दिवस संपतो. ॲटलासचा ५१२ एमबीचा विनामूल्य साठा शिकण्यास उत्तम. पण त्याला बॅकअपची सोय नाही, म्हणून प्रबंधाच्या नोंदी केवळ त्याच्या भरवशावर सोडणे धोक्याचे. एका कंपनीच्या खास सुविधांवर सारे बेतले की तेथून बाहेर पडणेही कठीण होते. रुग्णांविषयीच्या नोंदी असतील तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे भान हवे. म्हणून नोंदींची खुल्या स्वरूपातील प्रत ठरावीक काळाने संस्थेकडे जमा झालीच पाहिजे. राखण दुसऱ्याकडे सोपवता येते, मालकी नव्हे.

हा भार एकेका विभागाने वाहण्याचे कारण नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर करून संशोधनपत्रिका देशभरातील सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुल्या केल्या. इतरांचे संशोधन वाचण्यासाठी देश एकत्रितपणे वर्गणी भरू शकतो, तर स्वतःचे संशोधन जपण्यासाठीही तशीच सामायिक व्यवस्था उभारता येईल. देशातील डेटा केंद्रे, वाटाघाटीने ठरलेले दर आणि प्रकल्प संपल्यानंतरही काही वर्षे टिकणारी हमी, एवढ्या तीन अटींवर तिची सुरुवात होऊ शकते.

निष्कर्ष छापून उरतात. ते पुन्हा तपासायचे तर मूळ नोंदीही उरायला हव्यात.

#विज्ञान #संशोधन #डेटाबेस