‘एका अर्थाने’ म्हणजे कोणत्या अर्थाने?

मराठी समीक्षेत, विशेषतः पीएच.डी.च्या प्रबंधांत, ‘एका अर्थाने’, ‘काही प्रमाणात’, ‘कमी-अधिक प्रमाणात’ या पदबंधांचा वावर इतका सहज झाला आहे की ‘इन अ सेन्स’, ‘टु सम एक्स्टेंट’, ‘मोअर ऑर लेस’ यांचेच हे वळण आहे, हे ध्यानातही येत नाही. वर्गात तर पुष्कळदा मूळ इंग्रजी शब्दच उच्चारले जातात. या उसनवारीला विरोध करण्याचे कारण नाही. दोन गोष्टींमधील संबंध अपुरा असेल, तर तो अपुरा आहे असे सांगणे हे प्रामाणिकपणाचेच लक्षण होय. आक्षेप आहे तो वेगळा. ‘इन अ सेन्स’ म्हणणारा काटेकोर इंग्रजी लेखक तो अर्थ कोणता, हे लगेच सांगतो. आपण शब्द उचलला. ही जबाबदारी मात्र तिकडेच राहिली.

‘दलित कविता हा एका अर्थाने संतकाव्याचाच विस्तार होय’ या धर्तीचे विधान घ्या. ‘एका अर्थाने’ वगळले तर ते परीक्षकापुढे टिकणार नाही. ठेवले तर त्याचे खंडनही करता येणार नाही. निदान नागपुरात तरी असे विधान इतक्या स्वस्तात करता येऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांविषयीचा आपला १९४८ मधील इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांना अर्पण केला. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांची उपासना नाकारली. संबंध आहे, तसा विच्छेदही आहे. अस्पृश्यतेच्या वेदनेचा उच्चार चोखोबांच्या अभंगांत आहे. पण त्यांचे गाऱ्हाणे विठ्ठलापुढे आहे, आणि दलित कवितेच्या प्रमुख प्रवाहाला हा श्रोताच मान्य नाही. एवढे स्पष्ट लिहिल्यावर ‘एका अर्थाने’ची गरजच उरत नाही.

वस्तुतः आंशिक साम्य सांगण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. अलंकारशास्त्राने उपमेत उपमेय, उपमान व वाचक यांच्याबरोबर साधारण धर्मही मागितला; यांपैकी काही गाळले की उपमा ‘लुप्ता’ ठरते. (काव्यात ते शोभते, प्रबंधात नव्हे.) केशिराजांच्या ‘दृष्टांतपाठा’त सूत्र आणि दृष्टांत यांच्यापाठोपाठ दार्ष्टांतिक येते, व साम्य नेमके कोठे लागू पडते हे तेथे सांगितले जाते. डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारखे महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक ज्या नागपुरात झाले, तेथे याची आठवण करून द्यावी लागणे नवलाचेच. त्या ग्रंथातील जन्मांध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. प्रत्येकाचे म्हणणे ‘एका अर्थाने’ खरेच! ‘पायापुरते’, ‘कानापुरते’ एवढे म्हटले असते, तर वाद उरला नसता.

‘-पुरते’ हे साधे शब्दयोगी अव्यय येथे अधिक कामाचे आहे, कारण त्याच्या आधी नाम घालावेच लागते. ‘आशयापुरते’, ‘छंदापुरते’, ‘पहिल्या संग्रहापुरते’ असे लिहिताना लेखकाला निवड करावी लागते. ‘एका अर्थाने’ एकटेच उभे राहू शकते. ‘काही प्रमाणात’ला मात्र हा उपाय पुरणार नाही. तेथे प्रश्न प्रमाणाचा असल्याने किती कविता आणि कोणत्या, हे मोजूनच सांगावे लागेल.