कुत्रा पाळावा तो इथल्या उन्हाला आणि रानाला मानवणारा

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. अशा वेळी एखाद्या फ्लॅटमध्ये जाड केसांचा, निळ्या डोळ्यांचा सायबेरियन हस्की कूलरसमोर धापा टाकत पडलेला असतो. मालक जीव लावणारा असतो, खर्चात काटकसर करीत नाही. तरीही वीज गेली की घरातल्या सगळ्यांची आधी नजर जाते ती कुत्र्याकडे. त्याच दुपारी भामरागडकडच्या एखाद्या टोल्यावर पाण्याच्या रांजणाजवळची ओलसर माती उकरून, त्या खड्ड्यात पोट टेकवून गावठी कुत्रा निवांत झोपलेला असतो. ऊन उतरले की तो उठेल आणि गुरांच्या वाटेला जाईल.

माया दोन्ही घरांत आहे. प्रश्न मायेचा नाही, मेळाचा आहे. कुत्रा निवडताना आपण त्याचे रूप पाहतो, किंमत पाहतो, शेजाऱ्याने कोणता आणला ते पाहतो. आपला दिवस कसा जातो, घराभोवती काय आहे आणि हवा कशी आहे, हे प्रश्न मागे राहतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत तेच पहिले असायला हवेत.

आधी उन्हाचे पाहू. कुत्र्याच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा थोडे जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश असते. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत असतात. अंग थंड ठेवण्याचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धापा टाकणे. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर उष्णता बाहेर जाते. हवाच शरीरापेक्षा गरम असली, की एवढा एकच मार्ग उरतो. त्यामुळे लांब नाक, आखूड केस आणि सडपातळ अंग हे इथे जगण्याचे साधन ठरते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा श्वासमार्ग अरुंद असतो. त्याला धापही नीट टाकता येत नाही. हस्कीची दुहेरी लव बर्फातली थंडी अडवण्यासाठी आहे. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघाताचा धोका असतो आणि मग मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा व्हायला फार वेळ लागत नाही.

दुसरा मुद्दा पोटाचा. गेल्या काही वर्षांतील जनुकशास्त्रीय संशोधनाने एक रंजक गोष्ट पुढे आणली. पिष्टमय अन्न पचवणारे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात. माणसाच्या सोबतीने शेतीच्या गावात राहिलेल्या कुत्र्यांत त्या कितीतरी वाढल्या. उत्तर ध्रुवाकडच्या, मासे आणि मांसावर जगलेल्या कुत्र्यांत मात्र त्या कमीच राहिल्या. म्हणजे धान पिकवणाऱ्या माणसाच्या दारात भात खाऊन राहणारा कुत्रा ही हजारो वर्षांच्या सहवासाने घडवलेली जोडी आहे. अर्थात नुसता भात पुरत नाही. अंडे, मासळी, मटणाचे तुकडे अशी प्रथिनांची जोड लागतेच. पण हा प्राणी आपल्या ताटाच्या जवळचा आहे, हे खरे.

तिसरा मुद्दा मालकाच्या दिवसाचा. कोळसा खाणीत किंवा वीज केंद्रात पाळीने काम करणाऱ्या माणसाची झोपेची वेळ दर आठवड्याला बदलते. त्याच्या घरी रोज दोन तास धावायला लागणारा कुत्रा आणला, तर त्याची कोंडलेली ताकद सोफा आणि दारे कुरतडण्यात जाते. लॅब्राडोर स्वभावाने गरीब, पण त्यातल्या बऱ्याच जणांत भूक न भागण्याशी निगडित जनुकीय बदल आढळतो. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तो दाखवून दिला. फिरणे कमी आणि लाड जास्त असलेल्या घरात तो फुगत जातो, आणि लठ्ठपणा या उन्हात आणखी घातक. कारवान किंवा मुधोळ हे तर आपल्याच मातीतले, उन्हाला काटक. पण ते नजरेने सावज हेरून पाठलाग करण्यासाठी जोपासलेले आहेत. दख्खनच्या उघड्या माळावर तो गुण आहे. घरामागे जंगल असेल आणि समोरून चितळ गेले, तर तोच गुण मालकाला वन्यजीव कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतो.

या सगळ्या कसोट्यांवर गावठी कुत्रा उतरतो. मध्यम बांधा, आखूड केस, उभे कान, सावध झोप. अनोळखी वास आला की तो आधी भुंकतो. मोहफुले वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईला, गुराख्याला किंवा शेतातल्या मचाणावर रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला ती आगाऊ सूचना मोलाची वाटते. ‘गावठी’ हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरतो. खरे तर तो या गावाला साजेसा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पण इथेच थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. हा कुत्रा आपल्याला मानवतो. आपण त्याला मानवतो का? गावठी म्हणजे बिनखर्चाचा, आपोआप जगणारा, अशी समजूत आहे आणि ती माणसाच्या जिवावर बेतणारी आहे.

बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा आढळला. मोकळी, उकिरड्यावर पोसलेली कुत्री जिथे वाढतात, तिथे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. आणि जिथे तो येतो, तिथे अंगणात खेळणारी मुलेही असतात. चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर, ऊर्जानगर परिसराने हे दुःख पाहिले आहे. ओसरीवर साखळीने बांधलेला कुत्रा राखण करीत नसतो, तो आमिष ठरतो. रात्री त्याला दाराच्या आत किंवा पक्क्या जाळीच्या खोलीत ठेवले पाहिजे. जंगलात सोबतीला नेऊन त्याच्या भरवशावर राहणेही चुकीचे. घाबरलेला कुत्रा मालकाकडेच पळत येतो, आणि त्याच्या मागे कोण असेल हे सांगता येत नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार मांजर कुळातील प्राण्यांनाही होतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने मारले; २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही या विषाणूची लागण आढळली. ताडोबातील वाघ आणि रानकुत्री याच विषाणूच्या टप्प्यात आहेत. आणि रेबीज तर थेट आपल्या घरात येतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत तो कुत्र्यामुळेच येतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय जवळजवळ नाही. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, हळद किंवा मिरची लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लशीच्या सगळ्या मात्रा पूर्ण कराव्यात. जखम खोल असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते.

यावर मार्ग अवघड नाही. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे झाले की डिस्टेंपरची लस, तीन महिन्यांचे झाले की रेबीजची, पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित मात्रा आणि वेळेवर नसबंदी. अडचण अंतराची आहे. एटापल्ली किंवा भामरागडच्या आतल्या गावातून कुत्र्याला कोणी तालुक्याच्या दवाखान्यात आणणार नाही. पण लाळ्या-खुरकूत लसीकरणासाठी पशुसंवर्धन विभागाचे कर्मचारी वर्षातून दोनदा गावात जातातच. त्याच फेरीत, त्याच शीतपेटीतून कुत्र्यांची लस का जाऊ नये? कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावांत तर वन विभागानेही याचा खर्च उचलावा. त्यात वाघांचे रक्षणही आहे.

आणि शहरातल्या वाचकांसाठी एवढेच. पुढचे पिल्लू आणण्याआधी एकदा मे महिन्यातली दुपार आठवा. आपल्या गल्लीतच, एखाद्या पायरीखाली, या उन्हासाठीच घडलेले एक पिल्लू कदाचित झोपलेले असेल. त्याला विकत घ्यावे लागत नाही. लस, रात्रीचा आसरा आणि दोन वेळचे जेवण, एवढे मात्र द्यावेच लागते.