बैल कुणाचे, वरई कुणाची आणि पावती कुणाची?



हा अंक तुमच्या हातात आठ दिवस उशिरा पडतोय. पुण्यात ज्या मित्राच्या खोलीत आपलं सायक्लोस्टाइलचं मशीन आहे, त्याच्या कुत्र्यानं टाईप करून ठेवलेल्या दोन स्टेन्सिल फाडल्या. मित्र म्हणाला, पैसे मी देतो. आम्ही म्हणालो, राहू दे, तुझ्या खोलीचं भाडं आम्ही कुठं देतो? विषय मिटला असं वाटलं. पण कलेक्टर कचेरीच्या कामासाठी आंबेगाव तालुक्यातून आलेले एक साथी तिथंच भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तुमचा कागुद फाटला, तुम्ही हसून सोडलंत. माझी वरई गेली ती कशी सोडू?"

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्याच पाड्यातले दुसरे साथी त्याच एसटीनं पुण्याला आले होते, पण दोघं बोलत नव्हते. एका मोर्चात दोघांनी एकाच कोठडीत रात्र काढलेली. यंदा एकाच्या बैलांनी दुसऱ्याची उभी वरई खाल्ली आणि तुडवली. भरपाई मागितली तर बैलवाला म्हणाला, "मैतराकडं पैसं मागतोस?" यानं चिडून बैल कोंडवाड्यात घालायची तयारी केली होती. पुण्याची तारीख आडवी आली म्हणून राहिलं.

आधी कोंडवाड्याचं सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की तिथं गुरं घातली की आपली भरपाई मिळाली. तसं नाही. कोंडवाड्याचा कायदा 1871 चा, इंग्रजांचा. शेतात शिरून नुकसान करणारं जनावर शेतकऱ्याला धरता येतं, आणि धरल्यावर 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं लागतं. मालकाला दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च भरून ते सोडवावं लागतं. सात दिवसांत कुणी आलं नाही तर पोलीस ठाण्याला कळवतात, नोटीस लागते, आणि पुढं लिलाव. आता बघा, दंडाची पावती मालकाच्या खिशात, दंड सरकारजमा, आणि ज्याची वरई गेली त्याच्या हातात काय? पिकाच्या भरपाईसाठी दावा करायला हा कायदा आडकाठी करत नाही, एवढंच. म्हणजे वकील, तारीख, एसटीचं भाडं. चार पायली वरईसाठी!

तेव्हा शेजाऱ्याची गुरं कोंडवाड्यात घालू नका, हे आमचं म्हणणं. पण मैत्री म्हणून भरपाई मागू नये, हे तर आम्हाला त्याहून पटत नाही. असं म्हणणारा बहुतेक वेळा गुरंवाला असतो. ज्याच्या दावणीला आठ-दहा जनावरं, त्याचं नुकसान सहसा होत नाही. ज्या बाईचा नवरा मजुरीला बाहेर गेलाय, जिच्याकडं एक शेळी आणि अर्धा एकर नाचणी आहे, तिचं दरवर्षी होतं. तिनं तोंड उघडलं की "एवढ्याशासाठी गावात भांडण कशाला" असं ऐकवतात. ती गप्प बसते, तिला आपण समजूतदार म्हणतो. गुरं ज्याची, भरपाई त्याची. मित्र असेल तर त्यानं मागायच्या आधी द्यावी.

आता दुसरी बाजू. बैल त्या वरईत गेले कसे? गुराखी पोरगं झोपलं होतं म्हणून? ते पोरगं गुरं घेऊन वरच्या माळाला निघालं होतं. तिथं आता रोपवनाचं तारेचं कुंपण आहे. गार्डनं हाकललं, गुरं फिरली, आणि खाली उतरायच्या वाटेवर पहिलं शेत या साथींचं. दोन मित्रांच्या भांडणात तिसरा माणूस हा असा आहे, आणि त्याचं नाव दोघांपैकी कुणीच घेत नव्हतं.

हे आजचं नाही. याच पुणे शहरात बसून जोतिराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. गरीब शेतकरी पूर्वी जवळच्या रानातली फळं-पानं आणि गायरानावरच्या एखाद्या गाई-शेळीवर कसं निभावून न्यायचा, आणि जंगल खात्यानं डोंगरदऱ्यांसकट गायरानंही कशी गिळली, हे त्यात आहे. शंभर वर्षांवर काळ लोटला, कुंपण मात्र वाढतच गेलं.

1927 च्या जंगल कायद्यात तर राखीव जंगलात शिरलेलं गुरू हे आपोआप सरकारी लागवडीचं नुकसान करणारं गुरू ठरतं. त्याच 1871 च्या कायद्याखाली कोंडवाडा! मूळ कायद्यात दंडाची वरची मर्यादा लिहिलीय: म्हशीला 2 रुपये, गाय-बैलाला 1 रुपया, शेळी-मेंढीला 8 आणे. हत्तीला 10 रुपये. (आपल्यापैकी कुणाचा हत्ती असेल तर कळवावं.) आमच्या शेळीनं सागाचं रोप खाल्लं तर दंड आमच्यावर. आणि त्यांच्या जंगलातल्या रानडुकरांनी आमचं खाचर उकरलं तर? 1972 चा वन्यजीव कायदा म्हणतो की मेलेलं सापडलेलं रानडुक्कर सरकारच्या मालकीचं. जिवंत असताना रात्री शेतात शिरतं तेव्हा ते कुणाचं, असं विचारायला गेलं की साहेब अर्ज मागतात.

एक सावधगिरीची गोष्ट. गार्डनं धरलेली गुरं रस्त्यात अडवून सोडवू नका. त्याला सहा महिने कैद किंवा 500 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गुरं खोटेपणानं धरली असतील तर 10 दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडं तक्रार करता येते. धरणं बेकायदा ठरलं तर 100 रुपयांपर्यंत भरपाई मिळते, भरलेला दंड आणि खर्चही परत मिळतो. कोंडवाड्याची पावती म्हणून जपून ठेवा.

त्या दोघांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. गावी गेल्यावर गावकी बसली. बाजूच्या पाड्यातली दोन म्हातारी माणसं आणि एक बाई बोलावली. मोडलेली वरई शेतात होती तोवरच त्यांनी ती पाहिली, शेजारच्या न खाल्लेल्या पट्ट्याशी ताडली आणि किती पायली गेली ते ठरवलं. निम्मी सुगीला धान्यानं द्यायची, उरलेल्या निम्म्यापोटी त्याच बैलांनी दोन दिवस नांगरून द्यायचं. बैलवाल्यानं कुरकुर केली, पण मान्य केलं. हा काही आदिवासींचा अडाणी रिवाज नव्हे बरं का. कोर्टाच्या खर्चातून लोकांना सोडवायला सार्वजनिक काका आणि रानड्यांनी एकोणिसाव्या शतकात पुण्यातच लवाद कोर्ट उभं केलं होतं. आपल्याकडं ते आधीपासून आहे, फक्त त्यात बाईला बसवत नव्हतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं दोन गोष्टी लिहून आणाव्यात: कोणतं गायरान किंवा माळ कोणत्या साली बंद झाला, आणि गेल्या तीन वर्षांत कोंडवाड्यात किती रुपये भरले. पावत्या आणा, नकला आम्ही करून घेऊ. नव्या स्टेन्सिलचं पाकीट मित्रानं आणून ठेवलंय. या वेळी आम्ही नको म्हणालो नाही.