कपाटाचा खोटा बाप

न्हावरे गावात जुनं लाकडी कपाट काढायचं म्हटलं की भंगारवाला टेम्पोतून न उतरताच भाव सांगतो. "दार वाकलंय मावशी, वाळवीपण लागलीय." उक्त्यात चार नोटा, विषय संपला. असंच एक कपाट मी पुण्याच्या एका गुळगुळीत दुकानात पाहिलं. वर पिवळा दिवा, भोवती एसीची हवा आणि गळ्यात पाटी : 'अँटिक, अर्ली मॉडर्निस्ट, हँडपेंटेड, १९२०. किंमत एक लाख ऐंशी हजार.'

किमतीने माझं पोट दुखत नाही. घेणाऱ्याकडे पैसा आहे, विकणाऱ्याकडे जीभ आहे. पण कपाट कुठल्या गावचं, केलं कुणी, लाकूड सागाचं की आंब्याचं, रंग मूळचा की गेल्या महिन्यातला, यातलं पाटीवर एक अक्षर नाही. विचारलं तर तिथला पोरगा म्हणतो, "सर, याच्यामागे स्टोरी आहे." स्टोरी नको बाबा, खरेदीची पावती दाखव.

शेवटी मीच उकिडवा बसलो. पाठ प्लायवूडची. बिजागऱ्यांना फुलीच्या खाचेचे स्क्रू. ते अमेरिकेतच १९३०च्या दशकात बाजारात आले. नंतर बदलले असतील म्हणा, मग तसं लिहा की! रंग उडालाय तो फक्त कडांवर, पॉलिश पेपरने, सगळीकडे एकसारखा. घरातलं कपाट असं झिजत नाही. ते झिजतं कडीपाशी, जिथे तेलकट बोटं रोज लागतात, आणि तळाशी, जिथे केरसुणी आपटते. इथे कडीभोवतीचा रंग कोरा करकरीत.

राहिला मॉडर्निझम. हॉलंडमध्ये रीटवेल्ट नावाच्या फर्निचरवाल्याने १९१८च्या सुमारास एक खुर्ची जोडली, पुढे तिला लाल-निळा-पिवळा रंग दिला. जर्मनीत १९१९ साली बाउहाउस नावाची कलाशाळा निघाली. आमच्याकडच्या सुताराने कपाट सरळ रेघेत केलं, कारण गिऱ्हाईक नक्षीचे पैसे देईना. रंग दारंखिडक्या रंगवून उरलेल्या डब्यातला. त्या माणसाचं नाव पुसायचं आणि युरोपातला बाप चिकटवायचा, याला मी सरळ लबाडी म्हणतो. पुण्यातल्या संग्रहालयाच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या. दौतीला मोठेपण यावं म्हणून तिला विलायती आडनाव लावायची गरज त्यांना पडली नाही.

कायद्याचं नाव काढलं की खरी गंमत. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं उलटलेल्या पुरावस्तू विकायचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परवाना विचारताच कपाट झटक्यात तरुण झालं : "नाही सर, हे साधारण पन्नास-साठचं असेल." मी दाराकडे वळलो, तोवर पुढच्या गिऱ्हाइकासाठी ते परत शंभरीला पोचलं होतं.

तेव्हा न्हावरे फाट्यावरून टेम्पो गावात वळला, तर भाव बोलण्याआधी कपाट भिंतीपासून ओढा. ते कुणी केलं हे सांगणारी म्हातारी माणसं गल्लीत अजून आहेत. नाव, गाव, साल पाठीवर ऑइलपेंटने ठसठशीत लिहा. दुकानदाराला ते घासायला आणखी एक पॉलिश पेपर लागेल. एवढा खर्च होऊ द्या त्याचा.